मोलाची माणसे

'मोलकरीण' हा शब्द आता सभ्य घरांतून कोणी उच्चारीत नाही. पुण्यात तिला 'मावशी' म्हणतात, मुंबईत 'बाई' म्हणतात आणि थोडेफार इंग्रजी वाचलेले लोक 'मेड' म्हणतात. जुना शब्द हलका आहे, त्यात त्या बाईचा अपमान आहे, असे माझ्या शाळेतल्या एका तरुण शिक्षिकेने मला ऐकवले. मला तसे वाटत नाही. मोलाने काम करते ती मोलकरीण. तिला मोल द्यायचे आहे, ही गोष्ट निदान त्या शब्दात स्पष्ट सांगितलेली आहे. मावशीला कोणी पगार देते का? मी स्वतः सहा भाचरांची मावशी आहे. एखाद्या साडीपलीकडे मला आजवर काही मिळालेले नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण हाक 'मावशी' म्हणून मारली की हिशेब बोलणे अवघड होऊन बसते. नाते जोडले की रजा मागणे हा रुसवा ठरतो आणि पगारवाढ मागणे ही कृतघ्नता.

हे सारे मनात घोळू लागले ते २०२३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत. थोरल्या बहिणीची मुलगी गेली नऊ वर्षे सिंगापुरात आहे. ती आणि तिचा नवरा दोघेही नोकरी करतात, मुले दोन. तिच्या आग्रहावरून मी पाच आठवडे तिकडे राहून आले. सिंगापूरचे रस्ते किती स्वच्छ आहेत, हे वाचकांनी इतरत्र पुष्कळदा वाचले असेल. ते मी पुन्हा सांगत नाही. मी बहुतेक वेळ स्वयंपाकघरात होते, आणि तिथे माझ्या सोबतीला होती भाचीकडची कामवाली.

ती जावा बेटावरची. पोनोरोगोजवळच्या एका खेड्यातली. वय छत्तीस. बुटकी, हसरी आणि हाताला विलक्षण चलाख. माझे इंग्रजी शाळेपुरते, तिचे त्याहून थोडे बरे. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर तिने मला पहिल्याच दिवशी 'ईबू गुरू' केले. ईबू म्हणजे आई, आणि गुरू म्हणजे गुरूच! मग आम्हाला एक खेळच सापडला. तिच्या भाषेत कामाला 'केर्जा' म्हणतात, ते आपले कार्य. किमतीला 'हार्गा', म्हणजे अर्घ. खर्चाला 'बियाया', म्हणजे व्यय. फायद्याला 'लाबा', म्हणजे लाभ. नवऱ्याला 'सुआमी' म्हणतात हे ऐकून मी हसले, तेव्हा तीही हसली. तिचा सुआमी दुसरे लग्न करून मोकळा झाला होता. शेकडो वर्षांपूर्वी आपल्याकडून समुद्रापार गेलेले हे सगळे शब्द मला एका मोलकरणीच्या तोंडून परत मिळाले, आणि त्यातले अर्धे जमाखर्चाचे निघाले.

पुरणपोळी ती भाचीपेक्षा चांगली लाटते. मोदकाची पारी वळताना पाहून मी विचारले, तेव्हा म्हणाली, आमच्याकडे 'क्लेपोन' म्हणून असाच एक प्रकार असतो. पण गूळ आत आणि खोबरे बाहेर.

तिचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होई. मुलांचे डबे, कपडे, झाडलोट, बाजार, मुलांना शाळेच्या बसवरून आणणे, संध्याकाळचा स्वयंपाक. रात्री शेवटचे भांडे पुसून ती दहाला खोलीत जाई. ही खोली पाहण्यासारखी आहे. तिकडच्या नव्या घरांतून युद्धप्रसंगी आसरा घेण्यासाठी जाड काँक्रीटच्या भिंतींची एक कोठी बांधलेली असते. तिला पोलादी दार असते आणि खिडकी नसते. युद्ध काही अजून आलेले नाही. म्हणून त्या कोठीत कुठे अडगळ ठेवतात, कुठे मोलकरीण. भाचीने तिथे पंखा बसवून दिला होता, गादीही चांगली होती. पण दार लावले की हवा नाही. त्यामुळे ती दार उघडे टाकूनच झोपे.

भाची वाईट नाही, हे मला आधीच सांगितले पाहिजे. ती तिच्यावर आवाज चढवत नाही. घरात जे शिजते तेच तिला वाढले जाते. तिचे पारपत्र तिच्याच जवळ असते. हा तिकडचा कायदाच आहे. तरी भाचीच्या एक-दोन मैत्रिणींनी मोलकरणीचे पारपत्र 'सुरक्षित' म्हणून आपल्याच कपाटात ठेवलेले होते. भाची आपल्या वागणुकीवर समाधानी होती, आणि त्या मैत्रिणींच्या मानाने ते रास्तही होते. पगाराचा विषय मीच काढला. साडेसहाशे डॉलर.

"म्हणजे आपले जवळजवळ चाळीस हजार रुपये, मावशी!" भाची म्हणाली. "तुझ्या शाळेतल्या नव्या मास्तरांना तरी मिळतात का एवढे?"

मिळत नाहीत, हे खरे. माध्यमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाचे मानधन आठ हजारांवरून अठरा हजार झाले, तेही २०२३ च्या जानेवारीपासून. मी गप्प बसले. पण रात्री झोप येईना, आणि सवयीप्रमाणे मनातल्या मनात गणित मांडले. चार रविवार सोडून महिन्याचे सव्वीस दिवस. दुपारची विश्रांती वगळून रोजचे तेरा तास. तीनशे अडतीस तास. तासाला दोन डॉलरही पडत नाहीत. त्याच गावात तासावर घर झाडायला येणारी बाई तासाचे वीस डॉलर घेते, आणि नातीच्या पियानोच्या मास्तरीणबाई साठ. घराचे भाडे पाच हजार.

सकाळी मी भाचीला म्हटले, "घराचं भाडं देताना तू चाळीसगावचा दर लावतेस का गं?"

"म्हणजे?"

"भाड्याला सिंगापूरचा दर, पियानोला सिंगापूरचा दर, तुझ्या स्वतःच्या पगारालाही सिंगापूरचाच. मग हिच्याच पगाराला रुपयांत का मोजतेस?"

ती चिडली नाही, हिशेबच घेऊन बसली. तिचेही म्हणणे ऐकण्यासारखे होते. परक्या देशाच्या मोलकरणीसाठी मालकाला सरकारकडे दरमहा तीनशे डॉलर कर भरावा लागतो. मूल सिंगापूरचे नागरिक असेल तर तो साठवर येतो, पण ह्या परदेशी कुटुंबाला ती सवलत नाही. शिवाय विमा, दर सहा महिन्यांची वैद्यकीय तपासणी, खाणेपिणे, दोन वर्षांनी विमानाचे भाडे. सरकारकडे पाच हजार डॉलरांचा जामीन लिहून द्यावा लागतो, आणि बाई बेपत्ता झाली तर त्यातली काही रक्कम जप्त होऊ शकते. "मला ती अकराशेच्या पुढे पडते," भाची म्हणाली. तेही खरे होते. बाईच्या हाती जेवढे पडते त्याच्या जवळजवळ निम्मे सरकार घेते, आणि तिच्यासाठी किमान वेतन मात्र ठरवीत नाही. तिकडच्या कामगारांना जो मुख्य कायदा लागू आहे, तो घरकामाच्या बाईला लागूच नाही. तिच्यासाठी वेगळे नियम आहेत. आठवड्याची सुट्टी त्यांत आली ती २०१३ साली, आणि तीही पैसे देऊन विकत घेता येत असे. महिन्यातला निदान एक दिवस तरी पैशांनी बुडवता येणार नाही, हा नियम व्हायला २०२३ चा जानेवारी उजाडला. ही व्यवस्था तिथे १९७८ पासून चालू आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका दिवसाची किंमत कळते.

मग दर ठरवते कोण? बाजार. एजन्सीच्या दुकानात बाईचे छायाचित्र, वय, वजन, उंची, धर्म आणि देश लिहिलेला कागद मिळतो. फिलिपिन्सची महाग, जावाची मधली, म्यानमारची स्वस्त. काम एकच, घर एकच, पोळी लाटायची तीही एकच. फिलिपिन्सच्या सरकारने २००६ साली आपल्या बायकांसाठी चारशे अमेरिकन डॉलरांची किमान मर्यादा घातली, म्हणून त्यांचा भाव वर राहिला. ज्या देशाचा आवाज लहान, त्या देशाच्या बाईचा पगार लहान. आपल्या गावच्या बाजारात आंब्याची पेटी देवगडची की कर्नाटकची हे आधी विचारतात, तसलाच हा प्रकार.

आणखी एक गोष्ट मला तिथे पहिल्यांदा दिसली. त्या घरात परक्या देशातून पोटासाठी आलेल्या दोन बायका राहत होत्या. दोघींनी आपली आई मागे ठेवलेली, दोघी महिन्याच्या महिन्याला घरी पैसे पाठवणाऱ्या. पण एकीला 'एक्स्पॅट' म्हणतात आणि दुसरीला 'मायग्रंट'. एकीच्या परवान्यावर नवरा, मुले, सगळे येऊ शकतात. दुसरीच्या परवान्यावर ती एकटीच. दुसरीने तिथल्या नागरिकाशी लग्न करायचे म्हटले तर सरकारची परवानगी लागते. ती गरोदर राहिली तर तिला परत पाठवतात. पत्ता लिहिलेला असेल त्याच घरात तिने काम करायचे, शेजारच्या घरात एक भांडेही घासायचे नाही. भाची मला रडकुंडीला येऊन सांगत असे, "मावशी, आई एकटी आहे गं तिकडे," आणि भिंतीपलीकडे दुसरी फोनवर आपल्या मुलाशी हळू आवाजात बोलत असे. मुलगा पाच वर्षांचा असताना तिने घर सोडले. आता तो चौदाचा आहे. पहिल्या मालकिणीकडे एजन्सीचे कर्ज फिटेपर्यंत सात महिने तिच्या हाती महिन्याला वीस डॉलर पडत होते. हे तिने मला तक्रार म्हणून सांगितले नाही. बाळंतपणात किती दिवस त्रास झाला हे बायका सांगतात, त्या सुरात सांगितले.

हा दोन तराजूंचा व्यवहार काही आजचा नाही. साहेबाच्या राज्यात विलायतेला निघालेल्या मडमा बोटीवर मुलांना सांभाळायला इकडची आया बरोबर नेत. किनाऱ्याला लागल्यावर गरज संपली की काहीजणी तिला परतीच्या तिकिटावाचूनच सोडून देत. अशा आयांसाठी लंडनमध्ये एक आश्रयगृहच होते. १९०० सालापासून ते हॅकनी भागातल्या किंग एडवर्ड्स रोडवर होते. २०२२ साली त्या घरावर स्मृतिफलक लावला गेला. फलक लागायला एवढा काळ लोटला, ह्याचे मला नवल वाटले नाही. आयांच्या आठवणी कोण लिहून ठेवणार?

पण साहेबाला नावे ठेवणे सोपे आहे. २०१३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये भारताच्या एका उपमहावाणिज्यदूत बाईंना अटक झाली, ते प्रकरण पुष्कळांना आठवत असेल. आरोप असा होता की, घरकामाच्या बाईच्या व्हिसासाठी दिलेल्या कागदात तासाला पावणेदहा डॉलरांचा पगार दाखवला होता, आणि तिच्याशी केलेल्या दुसऱ्या करारात महिन्याला तीस हजार रुपये. त्या बाईंनी आरोप नाकारला. राजनैतिक संरक्षणाचा मुद्दा येऊन त्या भारतात परतल्या, आणि आरोपाची सुनावणी पुराव्यानिशी कधी झालीच नाही. तेव्हा दोष कोणाचा, हे मी सांगणार नाही. एका स्त्रीची अंगझडती घेतली गेली ह्याचा संताप मलाही आला होता. मला आठवते ती आपल्याकडची चर्चा. दिल्लीत अमेरिकन वकिलातीपुढचे अडथळे हटवले गेले, वर्तमानपत्रांचे रकाने राष्ट्राच्या अपमानाने भरून गेले, आणि घरी भांडी घासणारीचा पगार कोणत्या नाण्यात मोजावा ह्याबद्दल फार थोडे लिहून आले. शाळेच्या शिक्षकखोलीत कोणी तरी म्हणाले, "तीस हजार म्हणजे काय कमी झाले?" सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

भाचीच्या मैत्रिणींकडे एका शनिवारी जेवण होते. आठ-नऊ मराठी कुटुंबे, पुरणपोळी, कटाची आमटी, नंतर गाणी. मालकिणींबरोबर पाच मोलकरणीही आल्या होत्या. त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि पोळ्यांचा घाणा चालू झाला. दुसऱ्याच्या घरी काम करायचे नाही हा नियम त्या संध्याकाळी कोणाला आठवला नाही. बाहेर विषय निघाला तो ह्यांचाच. एक म्हणाली, मी रात्री फोन काढून घेते. दुसरी म्हणाली, रविवारी बाहेर गेल्या की शिंग फुटतात. एक तर तीन रविवार पंचवीस-पंचवीस डॉलरांना विकत घेते आणि 'तिलाच पैसे हवे असतात' असे सांगते. त्या बायका दुष्ट होत्या का? मुळीच नाही. त्यांतली एक दर वर्षी मेळघाटातल्या मुलांच्या शिक्षणासाठी पैसे पाठवते. पण सगळ्यांनी मिळून फोनवरच्या गटात एक अलिखित ठराव केलेला होता : साडेसहाशेच्या वर कोणी जायचे नाही. एकीने वाढवले की सगळ्यांचे दर बिघडतात. गिरणीमालकांच्या संघाची मला आठवण झाली. पण तिथे निदान समोर कामगारांचीही संघटना असे.

पुढच्या रविवारी मी तिच्याबरोबर बाहेर पडले. भाची म्हणाली, "तिला कशाला अडचण?" पण बाईनेच मला बोलावले होते. पाया लेबार नावाचे स्टेशन आहे. तिथल्या एका जुन्या बाजारइमारतीत आणि आसपासच्या हिरवळीवर रविवारी जावाच्या बायकांचा मेळाच भरतो. पैसे पाठवायच्या खिडकीपुढे रांगा, मसाल्यांचे वास, चटया पसरून बसलेले घोळके, डब्यांची देवाणघेवाण. कोणी वेणी घालून देत होती, कोणी नमाजाला निघाली होती. आठवडाभर मान खाली घालून वावरणाऱ्या ह्या बायका तिथे केवढ्याने हसत होत्या! माझी ओळख 'ईबू गुरू' म्हणून झाली आणि मला सगळ्यांत चांगली जागा मिळाली. थोड्या वेळाने मला एक गोष्ट कळून चुकली. मालकिणी फोनवरच्या गटात ठराव करतात, तर इकडे चटईवर सगळ्यांचे दर तोंडपाठ असतात. कोणत्या इमारतीत कोणत्या मजल्यावर काय मिळते, कोण जेवायला पुरेसे देत नाही, कोणाचे म्हातारे सासरे त्रास देतात. पलीकडच्या इमारतीत एका जपानी कुटुंबात आठशे देतात, हेही मला तिथेच समजले.

परत येताना आगगाडीत ती म्हणाली की, तिचा करार ऑगस्टमध्ये संपतो. मुलगा वरच्या शाळेत जाणार आहे, आजीच्या घरापासून ती शाळा लांब आहे, राहण्याचा खर्च येईल. शंभर डॉलर वाढवून हवेत. "ईबू गुरू, तुम्ही मॅमशी बोलाल?"

"तूच बोल," मी म्हटले. "मी शेजारी बसेन."

ती बोलली. दोन दिवसांनी, मुले झोपल्यावर, हात पुसत उभी राहिली आणि पाठ केलेले इंग्रजी एका दमात म्हणून मोकळी झाली. वर्गात पहिल्यांदाच फळ्याशी आलेल्या मुलीसारखी. भाचीने विचार करते म्हणून सांगितले. ती खोलीत गेल्यावर मला म्हणाली, "मावशी, पैशाचं नाही गं. पण बाकीच्या काय म्हणतील?" मी काही बोलले नाही. माझा निघण्याचा दिवस आला तोवर निर्णय झालेला नव्हता. विमानतळावर भाची मला पोचवायला आली. ती बाई खाली गेटपर्यंत आली होती, आणि माझ्या पिशवीत तिने क्लेपोनचा डबा ठेवला होता.

पुण्याला आले ती थोरल्या ताईकडेच उतरले. ताईचे गुडघे गेले आहेत. भाची तिकडून पैसे पाठवते आणि त्यातून ताईकडे ब्यूरोची चोवीस तासांची बाई असते. ती हिंगोलीकडची. दोन मुली तिच्या आईपाशी ठेवून आलेली. महिन्याला दोन सुट्ट्या, त्याही गावी जाऊन यायला पुऱ्या पडत नाहीत. ताईच्या पलंगाशेजारी जमिनीवर झोपते. जावाच्या आजीकडे नातू, हिंगोलीच्या आजीकडे नाती, आणि इकडे एक आजी पलंगावर. ताई म्हणाली, "मी तिला मुलीसारखीच वागवते." मी विचारले, ब्यूरोला देतेस त्यातले तिच्या हाती किती पडतात? ताईला ते माहीत नव्हते. महिने सहा झाले होते. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०११ साली जिनिव्हात संमत झाला, त्याला भारताने मान्यता दिलेली नाही आणि सिंगापूरनेही नाही. हे सगळे मी ताईला सांगत बसले नाही. त्या बाईलाच हाक मारून विचारले. तिने आधी ताईकडे पाहिले, मग आकडा सांगितला. ताईने चष्मा काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने ब्यूरोला फोन लावायला सांगितला आणि अर्धा तास भांडली. गुडघे गेले असले तरी आवाज शाबूत आहे.

ऑगस्टच्या शेवटी भाचीचा फोन आला. सातशे वीस केले होते. "पण कुणाला सांगू नकोस हं, मावशी. तिलाही बजावलंय, कुणी विचारलं तर साडेसहाशेच सांग."

पाया लेबारच्या चटया मला दिसू लागल्या. मी 'बरं' म्हटले.

झाले ते अपेक्षेप्रमाणेच झाले. पुढच्याच सोमवारी पुरणपोळीवाल्या मैत्रिणीकडच्या बाईने सातशे मागितले. मग तिसरीने. फोनवरच्या गटात भाचीला कोणी काही बोलले नाही, पण कोणी काही विचारीनाही. आठ-दहा दिवस तिला फार जड गेले. मग सप्टेंबरात गणपती आले, आणि त्याच मैत्रिणीचा गोड आवाजात फोन आला : एकवीस मोदक करायचे आहेत, तुझी बाई फार सुरेख पारी वळते, दोन तास पाठवशील का?

भाचीने तिला सांगितले की, पाठवले असते, पण परवान्यावर पत्ता आमच्या घराचा आहे. कायद्यात बसत नाही.